खिशात मावलेला सिनेमा

तांदळाच्या डब्यावर ठेवलेला फोन थरथरला आणि दुपारची सगळी शांतता त्या स्टीलच्या झाकणावरून घरंगळत खाली आली. काचेत अडकलेल्या गांधीलमाशीचा आवाज मला कधी कामासाठी हवा असला, तर मी हेच करीन. अर्धा भरलेला डबा, वर सैल झाकण आणि त्यावर फोन.

माझी लेक तुंबी झोपेतच कूस बदलून पुन्हा स्वस्थ झाली. मी ओल्या हातानं फोन उचलला.

"कोदै," माझा नवरा परिदी म्हणाला, आणि पुढे काही बोलेचना. मागे प्रोड्युसरच्या ऑफिसातला पंखा तेवढा किरकिरत होता.

"अहो, बोला ना."

"आला."

"कोण आला?"

"सिनेमा. नेटवर. सकाळपासून फिरतोय."

आमचा सिनेमा कालच, शुक्रवारी लागला होता. परिदीचा पहिला. इतकी वर्षं तो दुसऱ्यांच्या सिनेमांत ऊन मोजत, नट्यांना डबे पोचवत, 'सर सर' करत उभा राहिला होता. हा सिनेमा तयार होऊनही पडून होता. त्यात कुणी मोठा नट नव्हता. नुसती एक विहीर होती आणि तिच्यावर पाण्याला येणारी एक बाई. लावायला कुणी तयार होईना. शेवटी थोडी थिएटरं मिळाली, तीही एका बोलीवर. शनिवार-रविवारी माणसं आली तर सोमवारी ठेवू, नाहीतर त्या जागी दुसरा सिनेमा.

"माणसं येतील का हो आता?"

"घरात फुकट आलेलं सोडून कोण येईल?" तो म्हणाला. "तू बघू नकोस. तू तरी बघू नकोस, कोदै."

मी नाही म्हणाले. तेव्हा ते खरंच होतं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या वसंदा मामी दारात आल्या. हातात मुरुक्कूच्या चकल्यांची ताटली, चेहरा नुसता फुललेला.

"काय ग पूंगोदै, आम्हाला सांगायचंस तरी! बघितला आम्ही पिक्चर. मामांनी टीव्हीला जोडून दिला. जेवता जेवता बघितला सगळा."

"कसा वाटला, मामी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"छान आहे ग! जरा काळोख जास्त. आणि मधेच कुणीतरी खोकतं. पण ती बाई रडते ना, तिथे मामांनी भात तसाच ठेवला हातात. तुझ्या नवऱ्याला सांग, असाच पुढचाही काढ म्हणावं. हे घे, गरम आहेत. आणि तुला ती लिंक पाठवलीय बघ. तुमच्याकडे नसली तर!"

त्या इतक्या मनापासून बोलत होत्या की मी ताटली घेतली आणि त्यांना नमस्कार केला. वर जाताना त्यांच्या चपलांचा एक पट्टा सुटून फटफटत होता. ते मला जास्त लक्षात आहे. माझं कामच तसलं. पडद्यावरची माणसं चालतात, पाणी ओततात, पदर झटकतात, ते सगळं मी वाजवते. साळिग्रामममधल्या स्टुडिओतल्या एका बंद खोलीत. जमिनीवर एका चौकोनात वाळू, एकात खडी, एकात ओली माती. समोर पडद्यावर नटी चालते आणि तिच्या पायांखालचा आवाज माझ्या पायांचा असतो.

या सिनेमाची पावलं मी केली तेव्हा तुंबी झोळीत मावायची. शेजारच्या खोलीत छताला साडीची झोळी टांगलेली, ती झोपली की मी माइकसमोर. ती कुरकुरली की सगळं थांबायचं आणि माझी छाती दुधानं भरून यायची. त्या विहिरीवरच्या बाईला मी चाल कुठली द्यावी, हे मला बरेच दिवस सुचत नव्हतं. मग एका दुपारी पाय आपोआपच तसे पडले. उजवा, पाऊल टेकवून जरासं थांबणारा. डावा, काहीतरी आठवल्यासारखा मागाहून येणारा. जोडव्यांचा बारीक टण् आधी, मग टाच. ती चाल माझ्या अम्माची होती. ती पडली, कंबरेचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळली. त्याआधीची चाल. हे मी परिदीलाही सांगितलं नव्हतं.

तुंबीच्या झोपेकडे बघत मी मुरुक्कूची ताटली झाकली. मग कानाला हेडफोन लावला आणि मामींची लिंक उघडली.

पाण्याच्या तळाशी पडून वरचं जग बघावं तसं होतं ते. पडदा एका बाजूला कललेला, रंग विरघळलेले. विहिरीच्या पाण्याचा हिरवा रंग परिदीनं किती दिवस धरून ठेवला होता, तो करडा झालेला. माझे आवाज तर नव्हतेच. माती, दोर, घागर, केळीच्या पानावरचं पाणी, सगळ्यांचा मिळून एक चिखल. वर हॉलमधल्या पंख्यांची घरघर. कुणीतरी हसतं. कुणी खोकतं. पिशवी चुरगळते. हळूहळू मला ते आवडू लागलं, हे लिहायला लाज वाटते. जणू कुणी दुसऱ्याच माणसांनी माझं एक स्वप्न पाहिलं होतं आणि मी त्यांच्या झोपेत शिरून ते बघत होते.

सगळ्याच्या खाली एक मंद ठोका होता. मला वाटलं, हॉलमागचा जनरेटर. पण जनरेटर कुणी गहिवरलं म्हणून वेगानं चालत नाही. ती बाई पहिल्यांदा विहिरीवर आली तसा तो ठोका वाढला, आणि चित्र थरथरायला लागलं. मग कडक इस्तरीच्या कापडाची खसखस आली, कुणी बाहीनं डोळे पुसावेत तशी.

आणि खालच्या कोपऱ्यात, जे मला इतका वेळ खुर्चीची पाठ वाटत होतं, ते हललं. दोन शेंड्या होत्या. लहान मुलीच्या, वर घट्ट बांधलेल्या.

"अम्मा, हे पाऊल तू ना?" हेडफोनमध्ये तुंबी म्हणाली. अगदी कानाशी.

लांबून, बाजूच्या खुर्चीवरून माझाच आवाज आला. "शू. बोलायचं नाही."

मी हेडफोन काढला. घरात तुंबी झोपलेली होती, तोंड किंचित उघडं, शेंड्या उशीवर विस्कटलेल्या. त्या काल सकाळी कुंभकोणमला मीच बांधल्या होत्या. आम्ही मुद्दाम तिथे गेलो होतो, कारण विहीर तिथलीच, आणि माझं माहेरही तिथलंच. चिन्नय्यांचं थिएटर. बाकी सगळे नाही म्हणत असताना या म्हाताऱ्या माणसानं सकाळचा पहिला खेळ आम्हाला दिला होता. दारात कोहळा फोडून, कापूर ओवाळून, जणू कुणा मोठ्या नटाचाच सिनेमा.

खेळभर तुंबी माझ्या भावाच्या मांडीवर होती. कदिरच्या. तिचे कान टोचायचे ठरले आहेत, आणि ते मामाच्याच मांडीवर बसून टोचतात. म्हणून कदिरनं तिला सवय लावायची म्हणून सकाळपासून मांडीवर घेतलं होतं. "हललीस तर सोनार कानाऐवजी नाक टोचेल हं," म्हणून दम देत होता. आणि ती पुतळ्यासारखी बसली होती. तिच्या डोक्यामागे त्याचा पांढरा शर्ट. वरच्या खिशात फोन.

मी मोरीत जाऊन दार लावलं आणि त्याला फोन केला.

"काय ग अक्का, भर दुपारी कशी आठवण आली?"

"काल सिनेमात तुझा फोन कुठे होता?"

"खिशात."

"कुठल्या?"

पलीकडे अम्माच्या खोलीतला रेडिओ लागलेला होता. तो कमी झाला.

"वरच्या," कदिर म्हणाला. "तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या भाचीनं. कदिर, काय केलंस रे तू?"

"अम्मासाठी ग! सकाळी निघताना ती मला काय म्हणाली माहितेय? म्हणाली, सगळं गाव जाऊन बघून येईल, आणि जिच्या पोटची पोरगी त्यात चाललीय तिला तेवढी येऊन गोष्ट सांगा. भिंतीकडे तोंड करून पडली. मला नाही राहवलं."

"मग तिला दाखवायचा आणि पुसून टाकायचा होतास."

"दाखवणारच होतो. पण मला कामावर जायचं होतं. आणि तिच्या फोनवर टाकला तर तिला उघडतो का? तिला एकच गोष्ट उघडता येते, आपला कुटुंबाचा ग्रुप. सकाळी देवांचे फोटो बघते ना, तो. म्हणून मग त्याच्यावर."

"तू ग्रुपवर टाकलास?"

"सगळे आपलेच आहेत की ग त्यात!"

सगळे आपलेच. पेनांगचे चित्ती-चित्तप्पा म्हणजे आमचे धाकटे काका-काकू, दुबईतले आत्याचे जावई, तिरुच्चीला बँकेत असलेला थोरला चुलतभाऊ, त्याच्या बायकोची माहेरची माणसं. कुणाचं बाळ रांगलं, कुणाच्या दारात कोलमची रांगोळी कशी निघाली, सगळं त्यात येतं. आपल्या माणसांना जे दाखवलं ते बाहेर गेलं, असं आमच्याकडे कुणी धरतच नाही.

"चित्तप्पांनी तर पुढे पाठवला," कदिर हळूच म्हणाला. "खाली लिहिलं, आमच्या घरच्या पोरांचा सिनेमा, सगळ्यांनी बघा. किती खूश होते. अक्का… झालं का काही?"

"तुझ्या अत्तानचा पहिला सिनेमा गेला, कदिर."

मग तो लहान असताना काच फोडल्यावर बोलायचा तशा आवाजात म्हणाला, "अत्तानना सांगू नकोस. निदान तुंबीचे कान टोचून होऊ देत. मग मी स्वतः सांगीन. तुझ्या पाया पडतो."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. फोन ठेवून नळ सोडला, आणि तो उगाच वाहू दिला.

दिवेलागणीला परिदी घरी आला. तुंबी त्याच्या पायाला लोंबकळली तरी त्यानं तिला उचललं नाही, नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. मी दहीभात कालवला, लिंबाचं लोणचं वाढलं. तो जेवायला बसला खरा, पण भात नुसता एका बाजूचा दुसऱ्या बाजूला करत राहिला.

"सापडलं," तो म्हणाला.

मी डाव भांड्यात ठेवला. "काय?"

"कुठून निघाला ते. प्रत्येक थिएटरला पाठवतात त्या प्रतीत एक खूण लपवलेली असते. आपल्याला दिसत नाही, त्यांच्या यंत्राला दिसते." तो ताटाकडेच बघत होता. "चिन्नय्यांचं थिएटर आहे."

"चिन्नय्या असं करतील?"

"ते रडत होते फोनवर. म्हणाले, पोरा, मी तुझ्यासाठी कोहळा फोडला आणि मीच तुझं घर फोडीन का? पण कोण ऐकतंय. सोमवारपासून त्यांना कुणी सिनेमा देणार नाही म्हणे. त्यांच्या ऑपरेटरला पोलिसांनी बसवून ठेवलंय." मग त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "ज्यानं कुणी केलंय ना कोदै, त्याला एकदाच माझ्यासमोर आणून बसवा. मी मारणार नाही. फक्त विचारीन, की बाबा, तुझं मी काय घेतलं होतं?"

त्या क्षणी दोन माणसं माझ्या दोन खांद्यांवर येऊन बसली. एक, ज्याच्या मांडीशिवाय माझ्या मुलीच्या कानात सोनं घालायचं नाही. दुसरा तो म्हातारा, ज्यानं काल तिला स्वतः बाटली उघडून गोटी सोडा पाजला होता आणि खेळ संपल्यावर परिदीचे हात धरून नुसता हलवत राहिला होता. आत तुंबी बाहुलीला मांडीवर घेऊन तिचे कान टोचत होती. "हलायचं नाही हं. मामा रागावेल."

"अहो," मी म्हटलं, "त्यात तुंबीचा आवाज आहे."

"कशात?"

"मी बघितला. तुम्ही नको म्हणाला होतात तरी. खालच्या कोपऱ्यात तिच्या शेंड्या आहेत."

त्याला समजायला वेळ लागला. मी त्याच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरताना पाहिलं, संध्याकाळी जिन्यातून उजेड उतरतो तसं. तुंबी. मांडी. खिसा. मी मग सगळंच सांगितलं, अम्माचं भिंतीकडे वळणं, ग्रुप, पेनांगचे चित्तप्पा. माझ्या अम्माच्या चालीचंही सांगितलं. त्यानं भाताचा एक घास केला, खाल्ला, पाणी प्याला.

"रडला का तो?" त्यानं विचारलं.

"कोण?"

"कदिर. विहिरीपाशी."

"हो. चित्र हलतंय तिथे."

परिदीनं मान हलवली, दुकानदारानं माल पोचल्याची खात्री करून घ्यावी तशी. मग त्यानं डावा हात डोळ्यांवर दाबून धरला आणि त्याचे खांदे हलायला लागले. तुंबी आतून धावत आली आणि म्हणाली, "अप्पा हसतोय का?"

कदिरला फोन मी केला. परिदी बाजूला उभा होता.

"तूच चिन्नय्यांकडे जा," मी कदिरला म्हटलं. "उद्या नाही, आत्ता. त्यांच्या पाया पड आणि मग त्यांच्याबरोबर चौकीत जा. तिथे बसलेला माणूस सुटला पाहिजे."

"आणि अम्माजवळ कोण? तिला पाणी कोण देणार?"

"मी निघते."

"अक्का, मला आत टाकतील का ग?"

"मला माहीत नाही रे, राजा," मी म्हटलं. तो लहान होता तेव्हापासून मी त्याला राजा म्हटलं नव्हतं.

रविवारी दुपारी तुंबीला घेऊन मी कुंभकोणमच्या घरात शिरले. ऑपरेटर सुटला होता. कदिरला त्यांनी आदल्या रात्री लिहून घेऊन सोडलं होतं, आणि आज सकाळी पुन्हा बोलावलं होतं. चिन्नय्या त्याला आपल्या स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले, असं शेजारणीनं सांगितलं. "म्हातारा वाटभर शिव्या देत होता," ती म्हणाली, "पण पोराला म्हणाला, घट्ट धर, पडशील."

अम्माला यातलं काही माहीत नव्हतं. ती उताणी पडली होती, डोळे मिटलेले, फोन उशीवर कानाला लावून, जणू कुणी तिला गुपित सांगतंय.

"आलीस? बस," तिनं डोळे न उघडता म्हटलं. "तुझा नवरा काय ग तो! एवढा अंधार! एखादा दिवा लावला असता तर काय बिघडलं असतं?"

"तो फोनमुळे दिसतो तसा, अम्मा."

"असेल. मी बघतच नाही म्हणा. नुसतं ऐकते. कितव्यांदा ऐकतेय ते विचारू नकोस." तिनं माझा हात चाचपडत धरला. "ती विहिरीवर येणारी बाई आहे ना, ती मी आहे. नटी कुणी का असेना, पाय माझे आहेत. डावा उशिरा येतो बघ. तुझ्या अप्पांना त्यावरून कळायचं मी आले ते. म्हणायचे, आधी उजवा येतो, मग डावा येतो, मग तू." ती हसली. "मला वाटलं होतं, ती चाल मी गेले की जाईल माझ्याबरोबर. तू कुठे ठेवली होतीस ग ती?"

त्या चिखल झालेल्या आवाजात, खोकल्याखाली, पंख्यांखाली, कदिरच्या छातीच्या ठोक्याखाली तिनं तेवढं एक शोधून काढलं होतं. ज्या हॉलमध्ये ते स्वच्छ वाजत होतं, तिथे ती कधीच पोचली नसती.

फोन वाजला तेव्हा मी ओसरीवर गेले. परिदी होता.

"सिनेमा उतरवला," तो म्हणाला. "उद्यापासून सगळ्या थिएटरांतून. चिन्नय्या म्हणतात मी ठेवतो, पण त्यांना ठेवू देतील तेव्हा ना. कदिर?"

"अजून आला नाही."

"जेवला असेल का तो?"

"माहीत नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि दोघांनीही फोन ठेवला नाही. त्याच्या बाजूला रस्ता वाहत होता, माझ्या बाजूला अंगणातल्या नारळाची झावळी पत्र्यावर हलकेच घासत होती, आणि बराच वेळ आम्ही एकमेकांकडचं ऐकत उभे राहिलो.

मी आत आले तेव्हा तुंबी आपल्या आजीच्या, पाट्टीच्या अंथरुणाच्या कडेला बसली होती. अम्माला डोळा लागला होता. फोन अजून तिच्या कानाशी होता आणि त्यातून बारीक आवाज येत होता. तुंबी वाकून वाकून तो ऐकत होती. मला बघून तिनं तोंडावर बोट ठेवलं.

"मामा कधी येणार?" ती कुजबुजली.

"येईल."

"माझे कान कधी टोचायचे मग?"

"मामा आला की."

"कुठे गेलाय तो?"

"चिन्नय्या तात्तांबरोबर गेलाय. त्यानं सिनेमा खिशात घालून आणला ना, म्हणून त्याला बोलावलंय. तसं आणायचं नसतं."

तिनं विचार केला. तिच्या कपाळावर अप्पासारखी बारीक आठी पडते, तशी पडली.

"पाट्टीसाठी आणला ना?"

"हो. पाट्टीसाठी."

"आणि त्यात तुझी पावलं आहेत."

"हो."

अम्मा झोपेत हसल्यासारखी झाली. तुंबी तिच्याकडे, मग त्या फोनकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. पाट्टी जागी होऊ नये म्हणून तिनं माझी मान दोन्ही हातांनी खाली ओढली, ओठ माझ्या कानाला चिकटवले आणि विचारलं, "मग अम्मा, पाट्टीनं ऐकायचंच नव्हतं का?"